पाय कधी उचलायचा

वहिनी त्या गाडीला सवत म्हणते. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा गाडी आधीपासून होतीच, त्यामुळे खरी सवत कोण हा वादाचा मुद्दा आहे, असं मी एकदा बोलून गेले आणि पुढे बरेच दिवस वहिनी माझ्याशी तुटक वागत होती. दादा मधे पडला नाही. तो गाडीखाली होता.

गाडी जपानी, दोन दारांची, टर्बोवाली. कारखान्यातून आली तेव्हा सभ्य असणार. दादाने आणि मी तिला बिघडवली. मोठा टर्बो बसवला, जाड पिस्टन घातले, सायलेन्सरचा पाइप स्वतः वाकवून वेल्ड केला आणि इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये आमचा स्वतःचा हिशोब भरला. तिला बघून लोक आमच्या गॅरेजात आपापल्या गाड्या आणायचे. नटबोल्ट माझे, ट्यूनिंग दादाचं. मग एक दिवस दादाने शटर ओढलं, गाडी घरामागच्या शेडमध्ये लावली, वर ताडपत्री टाकली आणि म्हणाला, "कंटाळा आला." मी भांडले, रडले, अबोला धरला. त्याचं उत्तर तेच, कंटाळा आला.

मी बसडेपोत लागले, ब्रेक विभागात. दिवसभर बसच्या ब्रेकला नवीन लायनरच्या पट्ट्या रिव्हेटने ठोकायच्या. घरी येऊन नाक शिंकरलं तरी काळं निघतं. काम वाईट नाही, पण त्यात माझं असं काही नाही. बस आली, लायनर बदलले, बस गेली. तिथे इंजिनाचा आवाज ऐकून कुणाचा चेहरा फुलत नाही. रिव्हेटच्या मशीनचा दणका असा की डेपोने प्रत्येकाला कानात घालायचे स्पंजचे नारिंगी बोळे दिलेत. मी ते डबीत घालून खिशात ठेवते. आता तर इतकी सवय झालीय की घरी मिक्सर लावायचा असला तरी हात खिशात जातो.

यंदा मात्र मी दादाच्या मागे हात धुवून लागले. मला डेपोतून म्हातारी होऊन बाहेर पडायचं नव्हतं. जेवताना, चहाला, तो टीव्ही बघत असताना, एकच विषय. टीव्ही तो इतका मोठा लावतो की मलाही ओरडावंच लागायचं. वहिनी म्हणायची, "ओरडून काय उपयोग? बायकोचं आणि बहिणीचं बोलणं आलं की सगळेच पुरुष बहिरे." शेवटी एकदा त्याने टीव्ही बंद केला.

"गाडी उठव," तो म्हणाला. "उठली आणि नीट ट्यून झाली, तर शटर उघडू. नाही झाली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"कबूल," मी म्हटलं.

"चालवायला तूच बसायचं."

"मग काय वहिनी बसणारे?"

ताडपत्री काढली आणि माझा उत्साह तिथेच गळाला. टायर बसून चपटे झाले होते. ब्रेक चाकांना चिकटलेले, क्लच चिकटलेला. हवेच्या फिल्टरच्या डब्यात उंदरांनी संसार थाटला होता आणि आमच्या सीटचा कापूस गादीसाठी नेला होता. टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोलला वार्निशचा वास. मी झाकण लावलं आणि तिथेच उलट्या बादलीवर बसून राहिले. डेपोतून आले होते, पाठ धरली होती, आणि समोर हे.

"झालं का सुतक पाळून?" दादा म्हणाला. "टाकी उतरवायचीय."

तर ती उतरवली. पुढचे कित्येक दिवस मी डेपोत ब्रेक करायची आणि घरी येऊन पुन्हा ब्रेकच करायची. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं, आणि इंजिन पान्याने हाताने फिरवून बघितलं. जड फिरलं, पण फिरलं. इंजेक्टर साफ करून आणले. रबरी नळ्या हातात तुकडे होऊन आल्या, त्या सगळ्या बदलल्या. टर्बोचा दांडा दादाने दोन बोटांत धरून हलवून बघितला आणि मान डोलावली. सायलेन्सर मात्र गंजून चाळणी झाला होता. तो कापून टाकला आणि तात्पुरता सरळ पाइप जोडला.

पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा धूर इतका झाला की वहिनी वाळत घातलेले कपडे गोळा करून आत पळाली. आवाज तर असा, की अंगातून आरपार जावा. दादा बॉनेटवर हात टेकून उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि धुराने आलं असं तो म्हणाला. मी म्हटलं, हो हो, धुरानेच.

आता राहिलं ट्यूनिंग, आणि ते कसं करतात हे सांगायला हवं. इंजिनात ठिणगी जितकी लवकर पाडावी तितकी ताकद वाढते. फारच लवकर पाडली तर आतलं पेट्रोल अवेळी भडकतं आणि पिस्टनवर हातोडी बसल्यासारखं होतं. त्याला नॉकिंग म्हणतात. त्याचा आवाज बारीक असतो, पत्र्याच्या डब्यात वाळूचे खडे हलवावेत तसा. तो चालू राहिला तर पिस्टन वितळतो, आणि मग इंजिन भंगारात. नव्या गाड्यांत हा आवाज पकडायला सेन्सर असतो. आमचे जाड पिस्टन मुळातच खडखडे, सेन्सर गोंधळायचा, म्हणून आम्ही तो काढून टाकला होता. त्याऐवजी दादाचं एक यंत्र होतं. तांब्याची नळी एका टोकाला ठोकून चपटी केलेली आणि इंजिनाला बोल्टने घट्ट बसवलेली, तिला लांब रबरी नळी, आणि दुसऱ्या टोकाला कान झाकणाऱ्या वाट्या. ते घालून तो माझ्या शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचा. मी मोकळ्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायची. नॉकिंग ऐकू आलं की तो माझ्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवायचा, मी पाय उचलायची. मग तो ठिणगीचं टायमिंग दोन पायऱ्या मागे घ्यायचा. झाली गाडी ट्यून.

खरं सांगायचं तर त्याची बोटं टेकायच्या आधीच माझा पाय उचललेला असायचा. मलाही तो आवाज यायचा. नळीबिळी काही नको, पत्र्यातून, पेडलमधून, कुठूनतरी यायचाच. दादा चिडवायचा, "ठमे, तुझा पाय माझ्या बोटांच्या पुढे धावतो." ठमी म्हणजे मी. मला त्याचं कौतुक वाटायचं, की बघा, दोघांनाही एकाच वेळी ऐकू येतं, सख्खी भावंडं. ऐकताना तो नेहमी मान खाली घालून बसायचा. लक्ष देऊन ऐकणारी माणसं खालीच बघतात, असं मला वाटायचं.

एकदाच चुकलं होतं. मला कावीळ झाली होती आणि मी घरी पडून होते. एका गिऱ्हाइकाची गाडी होती, गिऱ्हाईकच चालवायला बसला. भर रस्त्यात इंजिन फुटलं. दादाने पदरचं दुसरं इंजिन बसवून दिलं आणि त्यानंतर काही दिवसांतच शटर ओढलं. मी तेव्हा म्हटलं होतं, एका इंजिनाने काय होतं, कुणाचंही फुटतं. तो म्हणाला होता, कंटाळा आला.

ट्यूनिंगला आम्ही सुट्टीच्या दिवशी दुपारी निघालो. बंद पडलेल्या कारखान्यांच्या मागे एक लांब सरळ रस्ता आहे, तिथे चिटपाखरू नसतं. आदल्या दिवशी डेपोत मी लागोपाठ दोन पाळ्या केल्या होत्या. झोप नीट झाली नव्हती, डोकं ठणकत होतं, आणि तो सरळ पाइप माझ्या बरोब्बर खाली गुरगुरत होता. दादा वाट्या डोक्यावर चढवत होता तेवढ्यात मी खिशातली डबी काढली आणि बोळे कानात घातले. वर केस होते. ऐकायचं काम दादाचं, माझं काम दाबायचं. त्यात विचार करण्यासारखं काही होतं असं मला वाटलंच नाही.

पहिली फेरी. दाबली, गाडी सुटली, पाठ सीटला चिकटली. दोन्ही कानांत आता लांबून आल्यासारखा घुमारा, डोक्याला बरं वाटत होतं. शेवटपर्यंत नेली, सोडली. दादाने लॅपटॉपवर टायमिंग एक पायरी वाढवलं. दुसरी फेरी. पुन्हा शेवटपर्यंत. पुन्हा वाढवलं. मी खुशीत होते. गुडघ्याला बोटं लागत नव्हती, म्हणजे इंजिन अजून मागतंय. इतकी वर्षं पडून राहून गाडी तरुण झाली की काय, असं वाटायला लागलं. मनातल्या मनात मी शटरला रंगसुद्धा देऊन टाकला.

आणखी एक फेरी झाली तेव्हा दादाने वाढवलेला आकडा मी तिरक्या डोळ्याने बघितला. इतकं टायमिंग या इंजिनाने कधी घेतलं नव्हतं. दादाही त्या आकड्याकडे बघत होता. मग त्याने हाताने पुढे जायची खूण केली.

पुढच्या फेरीत गाडी मधेच जराशी मंदावली, कुणी मागून पदर धरावा तशी. मी आणखी दाबलं. आणि दादाने माझ्या गुडघ्यावर बोटं नाही, मूठ मारली. जोरात. मी पाय उचलला, त्याच्याकडे बघितलं. तो लॅपटॉपकडे बघत नव्हता, माझ्या पायाकडे बघत होता. मग त्याने नजर वर केली, हात लांब करून माझ्या कानावरचे केस बाजूला सारले आणि तो नारिंगी बोळा ओढून काढला.

टर्बोवाली गाडी पळवून आणली की लगेच बंद करायची नाही, थोडा वेळ नुसती चालू ठेवायची, नाहीतर टर्बो आतल्या आत जळतो, हे त्यानेच मला शिकवलं होतं. गाडी कडेला लागते न लागते तोच त्याने मधे हात घालून किल्ली फिरवली.

"कधीपासून घातलेत?"

"निघाल्यापासून. डोकं दुखत होतं. का?"

त्याने वाट्या काढून सीटवर टाकल्या आणि उतरला. मीही दुसरा बोळा काढून उतरले. त्याने बॉनेट उघडलं, हातमोजे घातले आणि प्लग काढायला घेतले. पाना दोनदा निसटला, तेव्हा मी तो त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः काढले. दोन प्लग स्वच्छ होते. तिसऱ्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके, आणि त्यांत एक चमकणारा. चमकणारा ठिपका म्हणजे पिस्टनचा धातू. चौथ्यावर काळे होते, चमक नव्हती.

"नॉक करत होती," मी म्हटलं. "जोरात करत होती. तू ऐकत होतास ना? वाट्या काय शोभेला घातल्यास?"

त्याने डिकीतून दाब मोजायचा गेज आणला, माझ्या हातात दिला आणि स्टार्टर मारायला आत जाऊन बसला. आम्ही एकेक सिलिंडर मोजला. तिसरा बाकीच्यांपेक्षा जरासा उतरला होता, पण उभा होता. माझा जीव भांड्यात पडला. दादा दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून सीटवर बसून राहिला.

"वाचली," मी त्याच्यासमोर जाऊन सांगितलं. "आता बोल."

"मला ऐकू येत नाही, ठमे."

"काय येत नाही?"

"बारीक आवाज. बेल, कुकरची शिट्टी, चिमण्या. नॉकिंग. समोर बसून बोललेलं कळतं, बाकीचं गेलं."

"कधी गेलं?"

"गॅरेज होतं तेव्हाच. पार शेवटची काही वर्षं."

त्या शेवटच्या वर्षांतच तर आमचं नाव झालं होतं. लोक लांबून गाड्या घेऊन यायचे. "मग ट्यून कसा करत होतास?"

त्याने माझ्या उजव्या बुटाकडे बोट दाखवलं. "हा कधी उचलतो ते बघून."

रस्त्यावर कुणी नव्हतं. इंजिन गार होताना टिकटिक करत होतं, आणि तेही त्याला ऐकू येत नसणार, असं माझ्या मनात आलं. मग बाकीचंही एकेक करून समोर आलं. मान खाली घालून बसणं. माझ्या मागून टेकणारी बोटं. मी कावीळ होऊन पडले आणि गिऱ्हाईक चालवायला बसला, त्याचा पाय काही सांगणारा नव्हता.

"म्हणून शटर ओढलंस."

"हो."

"आणि मला म्हणालास कंटाळा आला."

"हो."

मला इतका राग आला की मी उघड्या दारावर थाप मारली. "अरे, मी तुझ्या त्या कंटाळ्यापायी डेपोत गेले. रोज काळं शिंकरते मी. घरी येऊन आंघोळ केली तरी अंगाचा वास जात नाही. एकदा सांगायचं होतंस. एकदाच."

"सांगून काय झालं असतं? बहिऱ्याकडे कोण गाडी ट्यून करायला आणतं?"

"माझ्याकडे आणली असती की!"

"तेच तर," तो म्हणाला. "तुझ्याकडे आणली असती. मग मी कोण?"

त्याने हे माझ्याकडे बघूनच सांगितलं. खोटं बोलला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण हे खरं होतं, आणि असं खरं बोलणाऱ्या माणसाशी पुढे भांडता येत नाही, हा दादाचा जुना त्रास आहे. मी गाडीला टेकून खाली मातीतच बसले. थकवा आला तो एकदम आला, डोळ्यांवर झापड येण्याइतका. आम्ही दोघं भावंडं इतकी वर्षं एकाच गाडीत बसत होतो, आणि मी त्याचं ऐकतेय असं मला वाटत होतं.

"मग आज कशाला निघालास?" मी विचारलं.

"तू होतीस म्हणून. तू असलीस तर जमेल असं वाटलं." त्याने बुटाने माती सारली. "बोळे घालशील हे काय माहीत."

मला हसू आलं. येऊ नये असं वाटत होतं तरी आलं. त्याने काही ते ऐकलं नसणार, पण बघितलं, आणि तोही जरासा हसला.

मी उठले, प्लग पुसले, परत बसवले. मग त्याच्या दाराशी गेले. "पाय आत घे. तू चालव."

"आज पुरे, ठमे. तिसरा सिलिंडर—"

"पहिल्या फेरीचं टायमिंग परत भर. तिथून एक पायरी, जास्त नाही. कान मला दे."

"तुला ते घालून ऐकायची सवय नाही."

"लागेल. शटर उघडायचं ठरलंय. ऐकायचं मी, बाकीचं तू शिकवायचं. आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचं की ऐकते ती बहीण. जमणार असेल तर चालव, नाहीतर मी इथून चालत घरी जाते."

त्याने एकदा स्टिअरिंगकडे बघितलं. मग शेजारच्या सीटवरच्या वाट्या उचलल्या आणि माझ्याकडे दिल्या. आतल्या गाद्या त्याच्या घामाने ओल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्या कधी घातल्या नव्हत्या, घालायची वेळच आली नव्हती. वरच्या पट्टीची लांबी कमी करावी लागली.

इंजिन सुरू झालं आणि मी दचकले. सगळं होतं तिथे. चेनची सरसर, व्हॉल्व्हची टिकटिक, चारही पिस्टनचा ठोका वेगवेगळा. आपल्याच घरात एक खोली असावी आणि आपण ती कधी उघडली नसावी, तसं झालं. आणि दादा इतकी वर्षं तिच्यात बसून होता, काही न ऐकता. मला रडायला आलं, पण लॅपटॉप सांभाळायचा होता.

त्याने गाडी हळू काढली. तो घाबरला होता, दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरून होता. मग सरळ रस्ता लागला आणि मी मान हलवली. त्याने दाबलं. वेगाचा काटा चढत गेला, टर्बोची शीळ चढत गेली, आणि पार वर, शेवटाला, खडे वाजले. अगदी बारीक, दोन-तीनच. दादाचा पाय तसाच खाली होता.

मी त्याच्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवली. त्याने पाय उचलला.

"उशीर करतोस," मी म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही. गाडी कडेला थांबेपर्यंत मी गप्प राहिले. मग वाट्या खाली केल्या, त्याच्याकडे नीट तोंड केलं आणि पुन्हा सांगितलं.